मुलाच्या बापानं फोडलेली सुपारी

वडगाव, बेळगाव
सोमवार, संध्याकाळ

ती. सौ. पूर्णिमाआक्का हिस,

धाकट्या भागीचा नमस्कार. तू, भावजी आणि सासूबाई सगळे खुशाल असाल असं धरून चालते. सासूबाईंच्या गुडघ्याला मी पाठवलेलं तेल लागू पडलं का ते कळव. पडलं नसेल तर बाटली परत पाठव, इथं माझ्या डोक्याला लागणार आहे. आमच्याकडची खुशाली म्हणशील तर आई ठीक, आप्पा ठीक, माग चालू, नळाला पाणी येतंय, आणि मी कालपासून इतकी संतापले आहे की आज शाळेत सातवीच्या वर्गाला कॉम्प्युटर सुरू करायला सांगून स्वतः फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. पोरांना वाटलं काहीतरी लिहिणार आहे. काही लिहिलं नाही.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मोठ्यानं बोलले तर आई मागच्या दारात येऊन उभी राहते, आणि हळू बोलले तर जास्तच जवळ येते. मेसेज टाकावा तर तुमच्याकडे तो भावजी वाचतात, तेही जेवताना, सगळ्यांना ऐकू जाईल असा (गेल्या वेळी माझ्या केसगळतीवर तुमच्या घरात चर्चा झाली, सासूबाईंनी जास्वंदीचा पाला सुचवला, आभारी आहे). म्हणून हे पत्र. नागेंद्र उद्या पहाटे साड्यांचे गठ्ठे घेऊन निपाणीला जातोय, तो तुझ्याच हातात देईल. मी त्याला तशी शपथ घातली आहे.

आता मुद्द्यावर येते. मी खेळ तयार करते हे तुला माहीत आहे. म्हणजे माहीत आहे असं तू म्हणतेस. तू त्याला भातुकली म्हणतेस, आई नाटक म्हणते, आप्पा ‘तिचं ते कागदाचं’ म्हणतात, आणि महादेवमामा काहीच म्हणत नाही, नुसता हसतो, ते सगळ्यात वाईट. शेवटचं एकदा लिहून देते, जपून ठेव. माझ्या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात, कुणी जिंकत नाही की हरत नाही. चारपाच माणसं गोल बसतात. प्रत्येकजण थोडा वेळ दुसरं कुणीतरी होतो, आणि त्या माणसाच्या तोंडानं बोलतो. पुढं काय घडणार ते आधी कुणालाच ठाऊक नसतं, मलासुद्धा नाही. असल्या खेळांची बाहेर उशीएवढी जाड पुस्तकं मिळतात, ती वाचून होईपर्यंत खेळायची हौस फिटते. माझा खेळ एका कागदाच्या एका बाजूला मावतो. नियम कमी म्हणजे काम कमी असं सगळ्या जगाला वाटतं. मामानं तर विचारलंच, की तीन ओळी लिहायला तुला चार महिने कशाला लागतात गं. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण वडील माणूस आहे आणि हातात माझ्या गरम चहा होता.

या नव्या खेळाचं नाव ‘पाहुणे आले’. विषय मुलगी बघण्याचा कार्यक्रम. (का ते तुला सांगायला नको. या घरातल्या त्या खुर्चीवर तू बसलीस, मीही बसले, आणि दोघींनाही कुणी काही विचारलं नाही. स्वयंपाक येतो का एवढं विचारलं, आणि त्याचंही उत्तर आईनं दिलं.) आधी अकरा नियम होते. एकेक काढत तीनवर आणले. पहिला, वाटीतली चिठ्ठी उचलायची आणि त्यावर असेल ते व्हायचं: मुलगी, मुलगा, मुलीचा बाप, मुलीची आई, मुलाचा बाप. दुसरा, कुणी नको तो प्रश्न विचारला तर ज्याला विचारला त्यानं चार फोडलेले चिंचोके टाकायचे. दोन पांढरे पडले तर विषय बदलायची मोकळीक, नाहीतर खरं बोलायचं. (फासे वापरणार होते, पण आईनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. फासे म्हणजे जुगार, जुगार म्हणजे आप्पांचे धाकटे काका, आणि त्यापुढं ती बोलत नाही.) आणि तिसरा नियम, दोन्ही बाप राजी झाले की सुपारी फोडावी, खेळ संपला.

त्या तिसऱ्या नियमावर मी किती खूश होते म्हणून सांगू! बाकीचे खेळ करणारे शेवट समजावून द्यायला अर्धं पान घेतात. मी पाटावर एक सुपारी ठेवली आणि बाजूला बत्ता. झालं. आपल्याकडं सुपारी कधी फोडतात, ती फुटली म्हणजे काय होतं, हे पाच वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही. माणसाच्या हाताला आधीच माहीत आहे तो नियम लिहायचाच कशाला? मी हे तेजस्वीला (माझ्या शाळेतली शिक्षिका, कॅम्पात राहते, माझा प्रत्येक खेळ आधी ती खेळते) इतक्या तोऱ्यात सांगितलं होतं, की आता तिला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

पुढच्या महिन्यात बंगळूरला छोट्या खेळांचा मेळा आहे. तिथं मला एक टेबल मिळालंय. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाही नाही, त्याबद्दल नंतर भांड. तिथं अनोळखी लोक येणार, कागद वाचणार आणि मी तोंड न उघडता त्यांना खेळता आलं पाहिजे. म्हणून जाण्याआधी तो एकदा अनोळखी माणसांकडून खेळवून घेणं भाग होतं. तेजस्वी माहेरी गेलेली. मी आपली मामाला म्हटलं, मामा, तुमची सगळीकडं ओळख, रविवारी आपल्या घरी दोन माणसं आणाल का? मला ओळखत नसलेली हवीत, पण बरी, बोलती माणसं. पिरनवाडीपासून संकेश्वरापर्यंत ज्याची ऊठबस आहे त्याला यात काय अवघड? मामा एकदम उठून उभाच राहिला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "भागे, तू तुझ्या तोंडानं म्हणालीस, बरं वाटलं बग." मला वाटलं, चला, मामालाही शेवटी माझ्या खेळाचं महत्त्व कळलं.

आक्का, आता जे लिहिते ते वाचून हसू नकोस. हसलीस तर मला इथं कळेल. रविवारी सकाळी उठून बघते तर आईनं उशांचे नवे अभ्रे काढलेले. आप्पांनी दाढी केलेली, त्यांच्या अंगात तो पांढरा सदरा. शेडमधला माग बंद. उप्पीटात काजू! मला आई म्हणाली, साडी नेस, ती मोरपंखी नेस. मी विचारलं, खेळायला साडी कशाला? तर म्हणाली, लोक येणार, तुझा खेळ बघणार, नीट दिसाय नको? माझे डोळे भरून आले गं. तीन वर्षं या घरात मी कागद फाडत बसले आणि आज माझ्या खेळासाठी आप्पांनी माग बंद ठेवला! मी मुकाट्यानं साडी नेसले. आईनं गजरा दिला, तोही माळला. त्या वेळी मला जो आनंद झाला होता त्याचाच मला आता सगळ्यात जास्त राग येतो.

अकराच्या सुमाराला मामाची गाडी आली. उतरले दोघं. एक ओमकार म्हणून मुलगा, संकेश्वरचा, साखर कारखान्यात नोकरीला, इस्त्रीचा शर्ट, चेहरा असा की दात काढायला आणलंय. दुसऱ्या त्याच्या आत्या, जयाबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, आवाज खणखणीत, हातात पिशवी. पिशवीत नारळ आणि खण होता, तो मी बघितला. मला वाटलं, रीतीची माणसं दिसतात, पहिल्यांदा कुणाच्या घरी जाताना रिकाम्या हातानं येत नाहीत. बसल्याबसल्या ओमकारनं पायाच्या अंगठ्याकडं बघत विचारलं, तुम्हाला स्वयंपाक येतो का? आणि मी टाळी वाजवली! मी म्हटलं, वा, तुम्ही तर चिठ्ठी उचलायच्या आधीच शिरलात की! मुलाच्या कपाळावर घाम आला. जयाबाईंनी माझं शिक्षण विचारलं, उंची विचारली, चष्म्याचा नंबर विचारला, आणि प्रत्येक प्रश्नाला मी कौतुकानं मान डोलावली. तयारी करून आलेली माणसं म्हणून मी मामाला नजरेनं दादही दिली. पलीकडून मामा मला तशीच दाद देत होता.

मग मी कागद वाचायला दिला, वाटी फिरवली आणि पाटावर सुपारी ठेवली. इथं आई स्वयंपाकघरातून धावत आली. नुसती सुपारी पाटावर बरी दिसत नाही म्हणून तिनं खाली मूठभर तांदूळ घातले, सुपारीला हळदकुंकू लावलं आणि हात जोडून परत गेली. मी अडवलं नाही. तेवढीच शोभा, म्हटलं. (बंगळूरच्या टेबलावरही तांदूळ ठेवावेत असं मनात आलं होतं. देवा!)

चिठ्ठ्या अशा निघाल्या. मुलगी आप्पा. मुलगा जयाबाई. मुलीची आई ओमकार. मुलीचा बाप मामा आणि मुलाचा बाप मी. सुरुवातीला गोंधळ झालाच. मामानं बसल्या बसल्या नवे नियम घातले, वयानं मोठा असेल त्यानं पहिले चिंचोके टाकायचे, जावयानं दोनदा टाकायचे, आणि पाहुण्यांसमोर मुलीच्या बापानं टाकूच नयेत, कमीपणा येतो. आठ नियम मी चार महिन्यांत काढले होते, यानं पाच मिनिटांत तीन घातले. पण बाकीची माणसं काय खेळली गं! ओमकार मुलीची आई म्हणून असा काही बोलायला लागला की आपली आई दारात येऊन ऐकायला लागली. मुलगी फार गुणाची आहे, फक्त तिला दुपारी हाक मारायची नाही, म्हणाला. मघाचा दात काढायला आलेला मुलगा तो हा नव्हेच. आणि आप्पा पांढऱ्या सदऱ्यात, खांद्यावरच्या टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत, मान खाली घालून बसले होते. त्यांना कुणी शिकवलं हे? आपल्याला बघूनच शिकले असणार. मला हसायला येत होतं आणि हसवेना.

जयाबाईंनी मुलगा म्हणून इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. आप्पांच्या समोर सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "हे सगळे बोलू देत. तुला काय पायजे ते सांग." आप्पांनी चिंचोके टाकले. चारी काळे. म्हणजे खरं बोलणं आलं. शेजाऱ्यांच्या शेडमधला माग खडखडत होता. आप्पा टॉवेलकडं बघत म्हणाले, "मला अजून थोडं दीस माझं काम करू द्या. मी काय करतो ते ह्येंच्यातल्या कुणाला कळत न्हाय. पर ते माझं हाय. कुणी हात लावू नये त्येला."

आक्का, आप्पांना माहीत होतं. ‘तिचं ते कागदाचं’ म्हणणारे आप्पा. मला रडू येणार होतं, पण खेळ करणारीचं डोकं वेगळं चालतं, ते म्हणालं, भागे, यापेक्षा वर हा खेळ जाणार नाही, इथंच संपव. मी मुलाचा बाप होते. मी घाईघाईनं म्हटलं, आम्हाला मुलगी पसंत आहे. मुलीचा बाप झालेला मामा म्हणाला, आमची काही हरकत न्हाय. आणि मी बत्ता उचलून सुपारी फोडली. एका घावात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यात मोठ्यानं. मामानं नेमका तेव्हा फोटो काढला.

टाळ्या थांबल्या तेव्हा मामा जयाबाईंना म्हणत होता, मग साखरपुड्याचं कधी धरायचं? मला वाटलं खेळ अजून चालू आहे. मी म्हटलं, मामा, संपला, सुपारी फुटली. तर म्हणतो, व्हय की, फुटली म्हणून तर विचारतोय. आईनं माझ्या तोंडात साखर घातली. जयाबाईंनी पिशवीतला खण आणि नारळ काढून माझ्या ओटीत घातला, आणि घालताना माझ्या तोंडाकडं असं बघितलं की त्या एकट्यांना काहीतरी समजलं असावं. ती माणसं गाडीत बसून गेली आणि मी दाराशी ओटी धरून उभी. मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली. अभ्रे. दाढी. काजू. मोरपंखी साडी.

पुढचं भांडण तुला ऐकू आलं नसेल तर आश्चर्य आहे. मी मामाला सांगितलं की हा खेळ होता. तो म्हणाला, खेळात फुटली म्हणून काय झालं, हळदकुंकवाची सुपारी, पाच माणसांसमोर, तुझ्या हातानं. आम्ही काय बळजबरी केली? मी म्हटलं, मी मुलाचा बाप म्हणून फोडली! तो म्हणाला, मग तर प्रश्नच मिटला, मुलाकडची पसंती आली. मी म्हटलं, असं असेल तर त्या खेळात आप्पांचं लग्न जयाबाईंशी ठरलंय, ते लावा आधी. यावर आईनं उलथनं आपटलं आणि ती माझ्याशी अजून बोलत नाही. आप्पांशीही नाही. मी सांगितलं की मला अनोळखी माणसं खेळायला हवी होती. मामा खरोखर चकित झाला. म्हणाला, लग्नाची पोरगी म्हणती अनोळखी दोन माणसं आणा, चांगली बघून आणा, मग काय पत्ते खेळायला आणायची? त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं काही चुकलं नाही, आणि हे मला कळतं म्हणून तर अंगाचा जास्तच तिळपापड होतो. संध्याकाळपर्यंत बोळभर झालं. मागाच्या कांड्या भरायला येणारी यल्लव्वा मला मिठी मारून ‘मदुवे फिक्स आयतु! लग्न ठरलं!’ म्हणून नाचली. मामानं तोंड गोड करायला कुंद्याचा डबा पाठवला. आणि तो फोटो, बत्ता वर, दात बाहेर, गजरा माळलेली मी, घरच्या ग्रुपवर पडला. त्यावर तुझाही अंगठा आहे, आक्का. तुझाही!

पण खरा राग यातल्या कुणाचाच नाही. जेवणं झाल्यावर मी आप्पांजवळ जाऊन बसले. ते मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवत होते. मी म्हटलं, आप्पा, दुपारी तुम्ही म्हणालात ना, कुणी हात लावू नये म्हणून? मग सांगा की मामाला. आप्पा वर न बघता म्हणाले, "फुटली की गं. आता मुलीच्या बापानं न्हाय कसं म्हणायचं." बस. एवढंच. ज्या माणसाला माझं मन शब्दासकट ठाऊक आहे तो मुलगी झाला की बोलतो, आणि बाप झाला की सुपारी मानतो. माहीत नसतं तर मी सोसलं असतं. माहीत असून गप्प बसले, याला मी काय म्हणू? मी तिथून उठले आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिले.

म्हणून माझी तुला एकच विनंती. निपाणीहून संकेश्वर तुला जवळ. तू स्वतः जा, जयाबाईंना भेट, आणि सांग की मुलगी तयार नाही. गोड बोलून सांग, नाही जमलं तर तुझ्या नेहमीच्या आवाजात सांग. खण-नारळ मी नागेंद्रबरोबर पाठवते आहे, तो परत कर. साखरपुड्याच्या आधी हे झालं नाही तर माझं बंगळूर बुडालं, आणि त्याच्यानंतर काय काय बुडेल ते तुला मी सांगायला नको. तू त्यातून गेलीस.

भावजींना आणि सासूबाईंना नमस्कार सांग. उरलेला राग पुरवून वापरते आहे.

तुझी,
भाग्यलक्ष्मी

ता. क. – भावजींना हे पत्र दाखवू नकोस. दाखवलंस तर निदान जेवताना वाचू देऊ नकोस.

ता. क. दुसरा (मंगळवार) – नागेंद्रची गाडी बिघडली, तो आज जाणार नाही, म्हणून पाकीट फोडून लिहिते. संकेश्वरला जाऊ नकोस! सकाळी जयाबाईंचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "पोरी, तुला लगीन नको हाय ते तुझा मामा सोडून तिथं सगळ्यास्नी कळलं व्हतं. आमच्या ओमकारला बी आत्ता लगीन नको हाय, त्येला मी साडी घ्यायला म्हणून आणलेलं." मी त्यांना बंगळूरच्या टेबलाचं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, आता नाही म्हटलं तर तुझा मामा पुढच्या रविवारी दुसरं घेऊन येईल, त्यापेक्षा हे राहू दे ठरलेलं. मुहूर्त मी बघणार आहे. मला एकही पसंत पडणार नाही. तू बंगळूरला जाऊन ये. माझा जीव भांड्यात पडतोय तोच म्हणाल्या, पण तुझ्या कागदात एक चूक आहे, दोन्ही बाप राजी झाले की सुपारी फोडायची असं लिहिलंस, मुलीला विचारायचं कुठं लिहिलंय? मी म्हटलं ते मुद्दामच गाळलंय, लोकांना टोचावं म्हणून. त्या म्हणाल्या, "टोचलं व्हय तुला? तू तर टाळ्या वाजवत हुतीस." आक्का, मी फोन ठेवून अर्धा तास त्यांच्यावर चरफडले आणि मग चौथा नियम लिहिला: मुलगी स्वतः हो म्हणाली तरच सुपारी फोडायची. खण-नारळ ठेवून घेते आहे. जयाबाई येत्या रविवारी ओमकारला घेऊन वडगावला येतायत, होणाऱ्या व्याह्यांकडं म्हणून, आणि पुन्हा खेळायचं म्हणतायत. माझ्या जन्मात मला असा खेळाडू मिळाला नव्हता. पण आता पाच माणसं पुरी करायची कशी? मामाला मी बसू देणार नाही, आई बोलत नाही. तेव्हा आता ऐक, मला तू संकेश्वरला नको, इथं हवी आहेस.

ता. क. तिसरा (त्याच दिवशी, माग बंद झाल्यावर) – मघाशी आप्पा शेडच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "रविवारी बी मुलगी मीच न्हवं?" मी अजून रागात होते, मी म्हटलं, नाही, मुलीचं मुलगी बोलेल, ती चिठ्ठी मी घेणार. ते गेले नाहीत. चिठ्ठी नशिबानं उचलायची असते हेही मी सांगितलं नाही. मग खाली बघत म्हणाले, "मग मला पोराचा बाप कर. त्येला न्हाय म्हणाय येतंय." मी हो म्हटलं. म्हणजे मुलगी मी, मुलगा ओमकार, मुलीची आई जयाबाई, मुलाचा बाप आप्पा. मुलीचा बाप व्हायला घरात कुणी राहिलेलं नाही. ती चिठ्ठी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे, रविवारी लवकर निघ.